डाख

मुंबई नाक्यावर, पाचव्या मजल्यावर,
पडदे ओढलेल्या खोलीत माझं काम एवढंच:
मॅडम ‘उघड’ म्हणाल्या की मूठ पुढे ढकलायची,
‘मीट’ म्हणाल्या की मागे.
‘सोड’ सगळ्यात शेवटी येतं.
तेव्हा टक् असं काहीतरी तुटतं,
जे फक्त माझ्या अंगठ्याला ऐकू येतं.

आज टेबलावर वडनेरेकाका,
तांबट गल्ली, वय एकाहत्तर.
मोठ्या आतड्यातला मोड काढता काढता
भिंतच गेली.
पडद्यावर ओल्या गुलाबीत
करंगळीच्या नखाएवढं भोक
आणि त्यातून डोकावणारी पलीकडची पिवळी चरबी,
जी आम्हाला कधी दिसू नये.
मॅडम म्हणाल्या, “हं.”
त्यांचं असलं हं चार वर्षांत मी तीनदा ऐकलंय.

ट्रॉलीवर दोन जातींची खोकी.

छोटी क्लिप नळीच्या पोटातूनच जाते,
चिमणीच्या चोचीएवढी.
धरते, नाही पटलं तर सोडते, वळते, पुन्हा धरते.
तिला विचार बदलता येतो.
पण पकड वरवरची, आतल्या अस्तरापुरती,
आणि एकीनं कधी भागत नाही.
काही आठवड्यांत आपापल्या गळून जातात,
कुणाला न सांगता.

मोठी नळीच्या तोंडावर टोपीसारखी चढवायची.
म्हणजे सगळी नळी आधी बाहेर,
मग पुन्हा तोच रस्ता, तीच वळणं,
आणि भोक सापडेल ही आशा.
सापडलं तर भिंत टोपीत ओढायची,
सापळ्याचे दात सगळे थर एका घासात धरतात.
जुन्या, निबर, न भरणाऱ्या भोकाला
हिच्याशिवाय गती नाही.
पण हिला ‘उघड’ कळत नाही.
चुकीच्या जागी बसली, तर बसली.

किंमत बाहेर जाऊन मी सांगायची.
बाकावर वैजयंता, त्यांची मुलगी,
मोबाइलवर गुणाकार करते.
“छोट्यांनी नाही का भागणार?”
आणि मग, माझ्याकडे न बघता,
“मोठी म्हणजे सिंहस्थाच्या ऑर्डरीतले
दोनशे तांबे.”
मी म्हटलं, मॅडम ठरवतील.
हे वाक्य मी फार सराईतपणे म्हणते.

आत पोट फुगत चाललेलं.
मॅडमनी छोटीच मागितली.
“भोक ताजं आहे, कडा मऊ आहेत.
मधून नको, टोकापासून सुरू करू.”
उघड. मीट. सोड.
उघड. मीट. सोड.
तिसरी घसरली.
माझा डावा हात मोठ्या खोक्याच्या सीलवर गेला.
सील फोडलं की बिलात चढतं, वापरा न वापरा.
दोनशे तांबे माझ्या नखाखाली.
मॅडम पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या,
“थांब. उघड. अजून थोडं उजवीकडे. मीट.”
बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, “सोड.”

पाच लागल्या, घसरलेली धरून सहा.
मोठं खोकं कपाटात परत गेलं.
त्याच्या सीलवर माझ्या नखाची खूण आहे,
मी कुणाला सांगितलेली नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात काका पेज पीत होते.
“काय केलंत नक्की?”
मी दोन्ही चिमटे बोटांनी करून दाखवले.
“म्हणजे डाख लावलात,” ते म्हणाले.
“पत्रा मऊ असेल तर पुरतो.
जुनं भांडं, कड कडक झालेली,
तिथं डाख धरत नाही, ठिगळ रिव्हेटनंच मारावं लागतं.
पण रिव्हेट चुकला की एकाची दोन भोकं.”
एवढं समजावायला मॅडमना वैजयंतासमोर
अर्धा तास लागला होता.

मग त्यांनी वाकवलेल्या बोटानं
पोटावर हलकेच टिचकी मारली,
मान कलती करून ऐकलं,
आवाज पसंत पडला की नाही ते सांगितलं नाही.
“त्या पडतील तेव्हा धातू कुठला निघेल?”
“पोलाद.”
“पोलाद,” ते जरा नाराज झाले,
“मोडीत काही यायचं नाही त्याचं.”